परीक्षेचं डोकं

एकोणीस वर्षं शालन लोकांच्या पायाशी बसली होती, आणि आता तिला एकदा डोक्याशी उभं राहायचं होतं. मागणं एवढंच. पण माणसाची मागणी जितकी साधी, तितके ती पुरी होताना नाकी नऊ येतात, हे काय नव्यानं सांगायला हवं?

ठाकुर्ली स्टेशनापासून चार मिनिटांवर कल्पिता मॅडमचं पार्लर. तिथं शालन पेडिक्युअर करायची. प्लास्टिकच्या बुटक्या स्टुलावर बसायचं, समोरच्या बाईचे पाय गरम पाण्याच्या टबात घ्यायचे, टाचा घासायच्या, नखं कापायची, आणि बाई वरती फोनवर बोलत असेल तर खाली मान घालून गप्प राहायचं. मधे थ्रेडिंग, वॅक्सिंगही असायचं, पण लोक तिला ओळखायचे ते पायांसाठी. 'शालनचा हात हलका आहे' असं बायका एकमेकींना सांगत. हलका हात असल्याचा फायदा असा की आणखी पाय पुढ्यात येतात. पंचेचाळिशीत तिची कंबर अशी झालेली की स्टुलावरून उठताना टबाच्या कडेचा आधार घ्यावा लागायचा.

त्यात मॅडमनी पार्लरचं सलोन करायचं काढलं. नवी काच, नवी पाटी, आणि केस रंगवायच्या दोन खुर्च्या. काळ्या केसांचे सोनेरी करून मागणाऱ्या पोरी आता ठाकुर्लीतही यायला लागलेल्या, आणि पार्लरमधून त्यांना परत पाठवणं मॅडमच्या जिवावर यायचं. एक खुर्ची कृतिकाला मिळाली. कृतिका चोवीस वर्षांची, केस रंगवायची परीक्षा पास झालेली. दुसरीबद्दल मॅडम म्हणाल्या, "शालन, सर्टिफिकेट आण, खुर्ची तुझी. नाहीतर एक तारखेला मी बाहेरून कोणीतरी घेणार. मग मला बोल लावू नकोस."

शालननं क्लास लावला. सहा महिने, दर सोमवारी, ठाण्याला. पोरींच्या मधे ही एकटी बाई, चष्मा नाकावर, वहीत सगळं लिहून घेणारी. काळा केस एकदम सोनेरी होत नाही. आधी तो विटकरी होतो, मग नारिंगी, मग पिवळा, आणि पार केळ्याच्या सालीच्या आतल्या बाजूसारखा फिका व्हायला काही आठवडे आणि दोन-तीन बैठका लागतात. ज्याला घाई, त्याच्या हातात केसाचा झाडू येतो. ब्लीचची पावडर कडक नाही घ्यायची, मुळाशी आधी नाही लावायची, कारण डोक्याची ऊब तिथं काम लवकर करते. दर दहा मिनिटांनी केसांवर गुंडाळलेली चंदेरी फॉइल उघडून बघायचं. आणि सगळ्यात आधी, बट कापून तपासायची. इतकी वर्षं पाय करून जे शिकली ते इथं उपयोगी पडलं: कातडी काय सांगते ते ऐकायचं, गिऱ्हाईक काय सांगतं ते नंतर.

परीक्षेची अट मात्र भलतीच. मॉडेल आपलं आपण आणायचं. केस नैसर्गिक काळे, खांद्याखाली, आजवर कसलाही रंग न लागलेले. पाच तासांत त्यांचा रंग मधासारखा सोनेरी करून दाखवायचा. त्याहून फिका एका दिवसात करायचा नाही, केलात तर नापास.

आता ठाकुर्लीच्या चाळीत डोकं कोण देणार? शालननं अकरा जणींना विचारलं. एकीच्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते. एकीच्या नवऱ्यानं दारातूनच सांगितलं, "आमच्यात असलं चालत नाही." विहारातल्या दोघी-तिघी आधी हसल्या, मग गंभीर झाल्या, मग कामाला लागल्या. घरचीच पोरगी अमृता म्हणाली, "मम्मी, कंपनीचे इंटरव्ह्यू सुरू आहेत गं. पिवळी जाऊ का तिथं?" तिचंही खरं होतं. शालनला कुणाचा रागही येईना. राग यायलासुद्धा अंगात थोडी ताकद लागते.

शेवटी डोकं मिळालं ते आंबिवलीला. तिची मोठी जाऊ रतन तिथं राहायची, पोळी-भाजी केंद्रात रोजच्या साडेतीनशे पोळ्या लाटायची. थोरले दीर कुंडलिक जाऊन आठ वर्षं झालेली. अमृता लहान असताना शालन पार्लरला जायची तेव्हा पोर सांभाळली ती रतननं. शालन तिथं मॉडेलसाठी गेलीच नव्हती. सहज गेलेली, फोनवरचा नमुन्याचा फोटो दाखवत आपलं रडगाणं गात होती. रतननं पोळी तव्यावर टाकली, फोटो हातात घेऊन बघितला, फोनवर पीठ लागलं ते पदरानं पुसलं आणि म्हणाली, "माझं चालंल का?"

शालननं तिच्या अंबाड्याकडे बघितलं. "ताई, तुमचे केस? अहो, सोनेरी करायचेत."

"ऐकलं की मी. बहिरी न्हाई."

रतनचे केस खरंच चांगले. एकोणपन्नासाव्या वर्षी कमरेपर्यंत, दाट, फक्त भांगाशी दोन बोटं पांढरे. शालननं तिथल्या तिथं मानेमागची एक बारीक बट कापून आणली, घरी तपासली. वीस मिनिटांत ती विटकरीवरून पिवळ्याकडे अशी गुमान सरकली की शालननं एकटीनंच हुश्श केलं. रतनच्या कानामागे औषधाचा थेंब लावून दोन दिवस वाट बघितली, तिथंही काही उठलं नाही. मग तिनं रतनला तीनतीनदा बजावलं: तीन आठवडे डोक्याला काही लावायचं नाही. रंग नाही, मेंदी नाही, कसलंही तेल नाही. धुवायचं तर नळाच्या पाण्यानं, तुमच्या त्या बादली पिवळी करणाऱ्या बोरच्या पाण्यानं नाही. आणि जाता जाता, उपकाराचं ओझं जरा हलकं व्हावं म्हणून, म्हणाली, "तुम्ही काळजी करू नका, ताई. परीक्षा झाली की दोन दिवसांत मी परत काळे करून देते. लोकांना दिसायचेसुद्धा नाहीत."

रतन पोळी उलटत म्हणाली, "बरं."

सगळ्या नात्यात मग ती गोष्ट झाली. जावेनं जावेसाठी केस दिले. राजरत्न, म्हणजे शालनचा नवरा, म्हणाला, "वहिनीचे उपकार कुठं फेडशील?" शालनलाही रात्री अंथरुणावर पडल्यावर तेच टोचायचं. आपल्या खुर्चीसाठी एका विधवा बाईचं डोकं पणाला लावलं. पण घोडामैदान जवळ आलं होतं आणि तिला ती खुर्ची हवी होती. खोटं कशाला बोला, फार हवी होती.

परीक्षेच्या सोमवारी सकाळी दोघी ठाण्याच्या त्या अकादमीत पोचल्या. नऊ खुर्च्या, नऊ आरसे, पांढरेफेक दिवे. बाकीची आठ मॉडेलं कॉलेजातल्या पोरी, जीन्समधल्या, मोबाइलवर मान घातलेल्या. रतन मोरपंखी साडी नेसून आली होती, अमृताच्या बारशात नेसलेली. अंबाडा घट्ट, डोक्यावर पदर. शालननं पदर काढला, अंबाडा सोडला आणि केस पाठीवर पसरले.

केस फार काळे होते. भांगाशी दोन बोटं पांढरे असायचे, ते दिसेनात. दिव्याखाली केसांवर एक निळसर झाक होती.

हे शालनला दिसलं. नाही दिसलं असं नंतर तीसुद्धा म्हणाली नाही. पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता, पाठ दुखत होती, सहा महिन्यांचे सोमवार त्या खुर्चीच्या पाठीमागे रांग लावून उभे होते; तिनं मनाशी म्हटलं, दिवे फार आहेत, दिव्यांमुळे असं दिसतंय. "ताई, काही लावलं नाही ना?" तिनं विचारलं.

"न्हाई," रतन आरशात बघत म्हणाली.

महेंद्र सर परीक्षक. काळा टीशर्ट, हळू बोलणं, हातात फॉर्म. ते येऊन म्हणाले, "बट तपासून घ्या, शालनताई. पुढची घ्या, भांगाजवळची." त्यांनी सांगितलं म्हणून तिनं पुढची घेतली. एरवी मानेमागचीच घेतली असती.

पावडर कालवली, बट फॉइलमध्ये ठेवली, घडी घातली आणि तळहातावर घेऊन उभी राहिली. बाजूच्या टेबलावरच्या पोरींचं चाललं होतं, कोणाची फॉइल किती, कोणाचा ब्रश कुणाकडे. मिनिटभरात शालनच्या तळहाताला ऊब लागली. आधी तिला वाटलं, बोरचं पाणी. केसात गंज बसला असेल, थोडं तापेल आणि थांबेल. पण फॉइल थांबेना. तापत तापत हाताला धरवेना इतकी झाली. तिनं ती टेबलावर टाकली आणि उघडली. आतून बारीक वाफ निघाली. केस पिवळे नव्हते, नारिंगी नव्हते, शेवाळी झाले होते. तिनं बट चिमटीत धरून जरा ताणली तर उकडलेल्या शेवईसारखी तुटून हातात आली.

काळी मेंदी. पुडीतली, दुकानात शांपूशेजारी टांगलेली असते ती. क्लासच्या पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं: तिच्यातल्या धातूला ही पावडर लागली की केस शिजतात आणि डोकं भाजतं.

"ताई," शालन खाली वाकून अगदी हळू म्हणाली, "कधी लावली?"

रतनची नजर आरशातून खाली गेली. "शुक्रवारी."

"सगळ्याला?"

"पुढं लावली. मग उरली ती मागंबी लावली. वाया कशाला घालवायची."

शालनला बसावंसं वाटलं. मॉडेलच्या खुर्चीशिवाय तिथं बसायला काही नव्हतं. हातातोंडाशी आलेला घास असा जातो, आणि नेणारा चोर नसून आपल्या पोरीला भरवणारा हात असतो, तेव्हा माणसानं ओरडायचं तरी कुणावर?

"तू कर," रतन कुजबुजली. "गरम झालं तर पाणी मार. मी हूं का चूं करणार न्हाई. रोज तव्याशी असते मी, मला चटक्याचं काय."

आणि हे सांगितलंच पाहिजे: शालननं पावडरची वाटी हातात घेतली. सर हॉलच्या दुसऱ्या टोकाला होते. तुटलेली बट तिनं टिशूत गुंडाळून कचऱ्यात टाकली होती. तिचं डोकं भराभर चालत होतं. पावडर एकदम सौम्य कालवली तर? मुळापासून चार बोटं सोडून लावली तर? मानेमागच्या आतल्या केसांना मेंदी नीट पोचली नसेल, तेवढेच केले तर पास होण्यापुरते गुण मिळतील का? तिनं मागून केस उचलले, भाग पाडला, ब्रश भरला. केसांच्या मधून रतनच्या डोक्याची कातडी दिसली. पांढरी, मऊ, कधी ऊन न लागलेली. आठ वर्षांत त्या डोक्याला कुणी हात लावला नसेल, असं काहीतरी तिच्या मनात आलं. ब्रशवरची पेस्ट खाली ओघळायला लागली.

तिनं ब्रश परत वाटीत ठेवला. तिला स्वतःची भीती वाटली, आणि ब्रश ठेवायला इतका वेळ लागला याची लाज वाटली. मग तिनं हात वर केला. "सर, मी थांबतेय."

महेंद्र सर आले. शालननं कचऱ्यातून टिशू काढून उघडून दाखवला. त्यांनी तुटलेले केस बघितले, रतनचा भांग बघितला, आणि मग हातातला फॉर्म बघितला. "थांबलात ते बरोबर केलंत," ते म्हणाले. "मी तुमच्या जागी असतो तर हेच केलं असतं. पण मी मार्क कसले देऊ, ताई? या फॉर्मवर रंग कुठपर्यंत आला ते लिहायची जागा आहे. कोण थांबलं ते लिहायची जागाच नाही."

"दुसरं मॉडेल आणलं तर?"

"आज नाही चालणार. पुढची बॅच दिवाळीनंतर." ते जायला वळले आणि थांबले. "पाच वाजेपर्यंत ही खुर्ची तुमची आहे. त्यांचं डोकं चांगलं धुऊन द्या."

म्हणजे झालं. एक तारीख अकरा दिवसांवर होती. दुसऱ्या खुर्चीशी कोणीतरी बाहेरचं उभं राहील, आणि शालन आपली स्टुलावर. उद्या सकाळी दहाला बँकेतल्या एका बाईंचे पाय होते, टाचांना भेगा असलेल्या. ते तिला आत्ताच डोळ्यासमोर दिसायला लागले.

तिनं रतनला बेसिनपाशी नेलं, मान मागे टेकवली, खाली टॉवेल दिला. पाणी मनगटावर बघितलं आणि सोडलं. पहिलं पाणी काळपट आलं. दुसरंही.  शालनला बोलायचं नव्हतं, कारण तोंड उघडलं असतं तर काय बाहेर पडलं असतं याचा नेम नव्हता. पण शांपूचा फेस करता करता तोंड उघडलंच.

"कशाला लावलीत, ताई? तीनदा सांगून गेलेले मी. तीनदा."

रतनचे डोळे मिटलेले होते. "एवढ्या मोठ्या लोकांत बसायचं. आरसे, दिवे. तुझी जाऊ म्हणून सगळे बघणार, आन भांगात हे पांढरं. तुला खाली बघाया लागलं असतं. कार्याला जाताना डोकं नीट करूनच जातो की आपण."

"सगळ्यांना चाललं असतं ते पांढरं. केस रंगवायलाच तर बसवलं होतं तुम्हाला."

"ते मला काय ठावं."

हे उत्तर इतकं खरं होतं की शालनचा राग तिथंच बसला. तिनं दुसऱ्यांदा शांपू घेतला. जरा वेळानं तिनं विचारलं, आवाज न चढवता, कारण आवाज चढवायचं त्राणच उरलं नव्हतं, "सकाळी विचारलं तेव्हा तरी सांगायचंत. मी काहीतरी केलं असतं. कृतिकाच्या बहिणीला हातापाया पडून बोलावलं असतं, ती कळव्याला राहते."

"म्हणूनच न्हाई सांगितलं."

"म्हणजे?"

रतननं डोळे उघडले. वर छतच होतं, तिकडं बघत ती म्हणाली, "तू दुसरी आणली असतीस. आन मला करायचं व्हतं."

शालनचे हात केसांत थांबले.

"तू फोटो दाखवलास ना मोबाइलवर, त्या बाईचा. आपल्यासारखीच सावळी व्हती, आन केस असे, मधासारखे. त्या दिवसापासनं डोक्यातनं जाईना. पोळ्या लाटताना सारखं तेच." रतन लाजल्यासारखी हसली, मग हसू गेलं. "तू म्हणालीस, दोन दिवसांत परत काळे करून देते. तवा मला लई वाईट वाटलं बघ. मी म्हणणार व्हते, चार दिवस राहू दे. कल्याणच्या बाजारातनं एक चक्कर मारून येते, डोक्यावर पदर न घेता. पण तू म्हणत व्हतीस, सगळे म्हणत व्हते, रतननं केस दिले, रतननं केस दिले. मग मी काय बोलू? देणाऱ्या माणसानं मागायचं कसं?"

बेसिनच्या नळातून पाणी वाहत होतं. पलीकडे कुणीतरी पहिली फॉइल उघडली असावी, कारण पोरी जमल्या होत्या आणि सर 'छान, छान' म्हणत होते. शालनला एकाएकी रडू आलं. परीक्षा गेली म्हणून नव्हे. तीन आठवडे ती या बाईच्या उपकाराखाली वाकून चालली होती, रोज रात्री स्वतःला दोष देत होती, आणि एकदाही, एकदाही तिच्या मनात आलं नव्हतं की रतनला विचारावं, ताई, तुम्हाला आवडेल का? एकोणीस वर्षं येणाऱ्या प्रत्येक बाईला तिनं विचारलं होतं, मॅडम, पाणी फार गरम नाही ना, नखं गोल ठेवू की चौकोनी? घरच्या बाईला मात्र नाही. तिनं डोळे मनगटानं पुसले आणि फेस गालाला लागला.

"आता किती दिवस लागतील?" रतननं विचारलं.

शालननं नाक ओढलं. मग ती बोलली ते वहीत लिहिल्यासारखं, सरळ, कारण खोटी आशा दाखवणं तिच्या हाताला जमत नव्हतं. "मेंदी लागलेला केस कधीच करता येणार नाही. तो कापूनच टाकावा लागतो. नवीन वाढेल तो करायचा. वर्षभरात फार तर वीतभर वाढेल. म्हणजे केस कानापर्यंतच राहतील, पोरासारखे. आणि वर्षभर काही लावायचं नाही. पांढरे दिसतील, केंद्रावरच्या बायका विचारतील."

"इचारू देत."

"आणि तेव्हा परीक्षा असेल, नसेल. खुर्चीही नसेल माझ्याकडे. घरीच करावे लागतील, मोरीत बसवून."

"मी परीक्षेसाठी न्हाई म्हणत, शालन."  मग रतननं तो हिशेब केला, जो कुठल्याही बाईनं केला असता. "वर्षानं मी पन्नाशीची होईन गं."

शालननं पाण्याची धार तिच्या कपाळापासून मागे घेतली, एक हात आडवा धरून, डोळ्यात जाऊ नये म्हणून.

"मग पन्नाशीत करू," ती म्हणाली.